गोऱ्हा झाला की घरात कुणी बोलत नाही

पत्र थोडक्यात, नाव-गाव काढून:

वय २७, लग्नाला तीन वर्षं झालीत, सासर नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात. घरात सासू-सासरे, नवरा आणि एक लहान मुलगी. गोठ्यात १४ एचएफ क्रॉस (होल्स्टिन संकरित) गायी, दिवसाला साधारण १३० लिटर दूध डेअरीला जातं, भाव ३२ च्या आसपास. कालवड (मादी वासरू) झाली की घरात कौतुक होतं, गोऱ्हा (नर वासरू) झाला की सगळे गप्प. तीन आठवड्यांपूर्वी झालेला एक गोऱ्हा पाचव्या दिवशी गोठ्यातून गायब झाला, विचारलं तर "दिला एकाला". नंतर नवऱ्यानेच सांगितलं की रात्री पिकअपमध्ये घालून हायवेच्या पलीकडे सोडून आलो. आता दुसरा गोऱ्हा १२ दिवसांचा आहे, दोन दिवसांपासून त्याला पाण्यासारखी हगवण लागलीये. सासरे म्हणतात डॉक्टर बोलवायचा नाही, तो काय जगणार आहे का. ही त्याला चोरून दूध पाजते. गावातले डॉक्टर सांगतात सेक्स्ड सीमेन (कालवड व्हावी म्हणून मशीनने निवडलेलं वळूचं वीर्य) वापरा, कालवडीच होतील. सासरे म्हणतात निसर्गात ढवळाढवळ नको. हिलाही ते पटत नाहीये, पण वेगळ्या कारणाने: "माणसांत मुलगी नको म्हणून तपासण्या केल्या त्याला आपण पाप म्हणतो, मग गोठ्यात मुलगा नको म्हणून मशीन लावायचं हे बरोबर कसं?" विचारलंय की घरचे क्रूर आहेत का, पोलिसांत सांगावं का, हा धंदाच बंद करायला लावावा का, आणि ह्या वासराचं काय करू.

उत्तर:

तुला तू म्हणते, माझ्या मुलीपेक्षा लहान आहेस. शेवटचा प्रश्न पहिला घेते. त्याचं उत्तर मी तुला त्याच दिवशी मेसेज करून कळवलं होतं आणि संध्याकाळी डॉक्टर येऊन सलाईन लावून गेले हे तू कळवलंस तेव्हा खरं सांगते मला रडू आलं. पण हे वाचणाऱ्या बऱ्याच जणांच्या गोठ्यात आत्ता एखादं वासरू हगत असेल म्हणून परत लिहिते.

हगवणीने वासरू मरतं ते बहुतेक वेळा अंगातलं पाणी आणि क्षार संपल्यामुळे. त्यामुळे पहिलं काम ते भरून काढणं. वासरांसाठीची इलेक्ट्रोलाइट (क्षारांची) पावडर मेडिकलमध्ये मिळते, रात्री-अपरात्री नसेलच मिळत तर माणसाच्या ओआरएसचं एक लिटरचं पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात, तेवढ्यापुरतं चालतं. दिवसातून दोन-तीन वेळा, एका वेळी लिटर-दीड लिटर, दुधात मिसळून नाही, दूध पाजल्यावर दोन तास सोडून. आणि दूध बंद करायचं नाही! आपल्याकडे दूध तोडलं की हगवण थांबते असं घट्ट बसलेलं आहे, पण त्याने वासरू उपाशी राहतं आणि हगवणीतून उठायला जी ताकद लागते तीच जाते, दूध थोडं थोडं करून जास्त वेळा पाजा. मग तोंडात बोट घालून बघा. बोट चोखतंय आणि तोंड गरम आहे तर वेळ आहे. तोंड गार लागलं, डोळे खोल गेलेत, उठवलं तरी उभं राहत नाही, तर तोंडातून पाजून काही होत नाही, शिरेतून सलाईनच लागतं आणि ते तासाभरात लागतं, उद्या सकाळी नाही. गावात डॉक्टर नसेल तर १९६२ हा टोल फ्री नंबर आहे, फिरत्या पशुवैद्यकीय गाडीचा, तो लावा. घरात मागच्या वेळच्या उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या असतात त्या देऊ नका, माणसाच्या जुलाब थांबवायच्या गोळ्या तर अजिबात नको. खाली कोरडं पोतं किंवा भुस्कट टाका, बाकीच्या वासरांपासून लांब बांधा आणि त्याला हात लावल्यावर साबणाने हात धुवा, कारण ह्यातले काही जंतू माणसांना लागतात आणि तुझी मुलगी लहान आहे.

आता हा आजारी का पडला. तू पत्रात सहज लिहून गेलीस की गाय सकाळी व्याली आणि वार (व्याल्यावर पडणारी गर्भाची झिल्ली) संध्याकाळी पडली तेव्हा मग चीक काढला. ह्या एका ओळीवर मी बराच वेळ थांबले. वार पडल्याशिवाय चीक पाजायचा नाही ही समजूत आपल्याकडे गावोगाव आहे आणि तिच्यामुळे किती वासरं जातात! गायीच्या वारेतून वासराला प्रतिकारशक्ती मिळतच नाही, बाळाला आईच्या पोटात मिळते तशी. वासरू जन्मतं तेव्हा ह्या बाबतीत कोरी पाटी असतं, जे काही मिळायचं ते चिकातून. आणि चिकातली ती शक्ती आतड्यातून रक्तात घ्यायची सोय पहिल्या काही तासांतच असते, तासागणिक कमी होत जाते, २४ तासांत दार बंद. म्हणून जन्मल्यावर पहिल्या दोन तासांत वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ३० किलोच्या वासराला तीन लिटर, एका दमात नाही प्यायलं तर दोन वेळा करून. वासराने कास चोखली की गायीचीही वार सुटायला मदत होते, म्हणजे आपण नेमकं उलट करतो. त्यात गोऱ्हा असला की चीक खरवसाला आधी जातो. एचएफ गायीला चीक भरपूर असतो, वासराचं पोट भरून उरलेल्याचा खरवस करा ना, कोण नको म्हणतंय.

आता घरचे क्रूर आहेत का.

मी जनावरांची डॉक्टर म्हणून नोकरीला लागले तेव्हा गोठ्यावर बाई डॉक्टर आली म्हणून बघायला लोक जमायचे. पहिल्या वर्षातली गोष्ट आहे, एका गोठ्यावर कासेला दगडी (सुजेचा आजार) झालेली गाय बघायला गेले होते, गोठ्याच्या मागे उन्हात तीन गोऱ्हे आखूड दाव्याने बांधलेले, बरगड्या दिसतायत, तोंडाला फेस. मालकाला विचारलं हे काय, तो शांतपणे म्हणाला, "त्यांना काय करायचं नाही मॅडम, ते आपोआप जातात." मी गायीला इंजेक्शन दिलं, कागद लिहून दिला आणि निघाले. एक शब्द बोलले नाही. गायीवर इलाज केला आणि तिच्याच वासरांकडे पाठ करून आले, आणि हे मी डॉक्टर असून केलं. तो माणूस वाईट नव्हता, त्याच गायीसाठी तो रात्रभर जागा होता, कासेला शेक देत होता. म्हणून तुझ्या सासऱ्यांना क्रूर म्हणायला माझी जीभ उचलत नाही. जे सगळा गाव करतो, जे बोलायचं नसतं आणि जे रात्री अंधारात करायचं असतं, ते माणसं मन घट्ट करून करतात. "दिला एकाला" असं खोटं बोलावं लागलं म्हणजे आत कुठेतरी त्यांनाही माहितीये. तुझ्या नवऱ्याने तर स्वतःहून सांगितलं. ते त्याला टोचत होतं म्हणूनच सांगितलं असणार, ह्या जागेवरून बोलायला सुरुवात करता येते.

पण ह्याचा अर्थ जे झालं ते ठीक झालं असा नाही. पाच दिवसांचं वासरू गवत खाऊ शकत नाही, दुधाशिवाय ते दोन-तीन दिवस काढतं, त्याआधी कुत्री किंवा गाडी. तो पहिला गोऱ्हा कुठेतरी जगला असेल असं मी तुला सांगणार नाही.

पोलिसांचं. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ मध्ये जनावर उपाशी-तहानेलं राहील अशा अवस्थेत सोडून देणं हा गुन्हा आहे, चारा-पाणी न देता बांधून ठेवणं हाही. पहिल्या गुन्ह्याचा दंड मात्र अजून १० ते ५० रुपये आहे. म्हणजे तक्रार करून होईल काय, तर ५० रुपये दंड आणि घरात कायमची फूट, आणि पुढचा गोऱ्हा तुला न सांगता अजून लांब सोडला जाईल. म्हणून तू आत्ता तक्रार करावीस असं मला वाटत नाही. पण हा गुन्हा आहे हे नवऱ्याला स्पष्ट सांग, कारण बहुतेकांना वाटतं कापणं गुन्हा आणि सोडून देणं म्हणजे पुण्य, "मोकळा केला". राज्यात २०१५ पासून बैल आणि वळू कापायलाही बंदी आहे. तो कायदा योग्य की अयोग्य ह्यात मी इथे जात नाही, पण एचएफच्या गोऱ्ह्याला बाजारात जी काही थोडीफार किंमत होती तीही गेली आणि ज्याला किंमत नाही ते रस्त्यावर आलं, हे प्रत्येक दूधवाल्याला माहितीये, फक्त कुणी मोठ्याने बोलत नाही. खिलारच्या गोऱ्ह्याचं बघ, बैलगाडा शर्यतींना २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने मान्यता दिली आणि आज त्याची किंमत विचारू नकोस. एचएफ क्रॉसला धड वशिंड नाही, जू नीट बसत नाही, ऊन सोसत नाही, त्यात नांगराला ट्रॅक्टर आला. म्हशीवाल्यांना हे सगळं नवीन नाही, नर रेडकाचं त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या असंच चालू आहे.

तुझ्या पत्रात एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते आणि तुझ्या सासऱ्यांच्या बोलण्यातही तीच आहे, की गोऱ्ह्याचा प्रश्न गोऱ्हा जन्मला की सुरू होतो. तिथून बघितलं तर दोनच रस्ते दिसतात, आयुष्यभर पोसा नाहीतर सोडून या, आणि मग भांडण. पण गाय सुमारे २८० दिवस गाभण असते. हा गोऱ्हा व्हायची शक्यता ज्या दिवशी तुम्ही गाय भरवली (गाभण राहावी म्हणून वीर्य सोडून घेतलं) त्या दिवशी तुम्ही स्वीकारलीये, पैसे देऊन, डॉक्टरला फोन करून. त्या दिवशी घरात कुणी विचारलं का, गोऱ्हा झाला तर काय करायचं? नाही विचारत कुणी. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे की हे बोलणं त्या दिवसावर न्या.

आणि बोलताना वही घेऊन बसा, कारण "गोऱ्हा परवडत नाही" असं सगळे म्हणतात पण किती परवडत नाही हे कुणी मांडलेलं नसतं. तुझेच आकडे घेते. १४ गायींतून वर्षाला १२ विण्या धरू, त्यात ६ गोऱ्हे. दिवसाला सव्वातीन-साडेतीन लिटर दूध, दोन महिने, म्हणजे एका वासराला साधारण २०० लिटर, ३२ ने ६४०० रुपये, सहांचे ३८,४००. तुमच्या डेअरीच्या बिलातले हे नऊ-सव्वानऊ दिवसांचे पैसे होतात, १३० लिटर रोजचे ४१६० धरले तर. बिल म्हणजे नफा नाही हे मला माहितीये, पेंड-भुस्सा-मुरघास ह्यातच बहुतेक पैसा जातो, आणि दुसऱ्या आठवड्यापासून वासरांचं खाद्य समोर ठेवत गेलं की दुधाचा खर्च आठव्या आठवड्याला थांबतो पण चाऱ्याचा थांबत नाही. म्हणजे खर्च खरा आहे, सासरे खोटं बोलत नाहीयेत. पण तो असा आहे की वहीत लिहिता येतो, आणि लिहिता आला की कमी कसा करायचा ते बघता येतं. एकच विनंती, खर्च वाचवायला औषधाचं इंजेक्शन चालू असलेल्या गायीचं फेकायचं दूध गोऱ्ह्याला पाजू नका, खूप गोठ्यांत हे चालतं आणि त्याने औषधाला दाद न देणारे जंतू आपणच आपल्या गोठ्यात वाढवतो.

आता ते मशीन. तुझ्या डॉक्टरांनी नीट समजावलं नसेल म्हणून सांगते. कालवड की गोऱ्हा हे वळूच्या शुक्राणूवर ठरतं, एक्स असला तर कालवड, वाय असला तर गोऱ्हा. एक्सवाल्यात वायपेक्षा डीएनए साधारण चार टक्के जास्त असतो, फरक एवढाच. शुक्राणूंना एक चमकणारा रंग लावतात, तो डीएनएला चिकटतो, मग एकेका शुक्राणूला लेसरच्या उजेडासमोरून थेंबाथेंबाने सोडतात, जो किंचित जास्त चमकला तो एक्स, त्याच्या थेंबाला विजेचा हलकासा भार देऊन एका बाजूला वळवतात. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या प्रयोगशाळेत १९८० च्या दशकात हे बसवलं, १९८९ मध्ये अशा वेगळ्या केलेल्या शुक्राणूंपासून सशांची पिल्लं झाल्याचं छापून आलं, गायींपर्यंत यायला अजून बरीच वर्षं गेली. आपल्याकडे मशीन आणि परवाना सगळं परदेशातलं होतं, म्हणून कांडी (गोठवलेल्या वीर्याची बारीक नळी) महाग. ५ ऑक्टोबर २०२४ ला आपल्या वाशिमच्या कार्यक्रमात देशी बनावटीचं तंत्रज्ञान जाहीर झालं, त्याने एका मात्रेमागे सुमारे २०० रुपये कमी होतील असं सरकारने सांगितलं. अनुदानाच्या योजनाही आहेत, तुझ्या तालुक्यात आत्ता काय चालू आहे ते पंचायत समितीच्या पशुसंवर्धन विभागात नाहीतर दूध संघात विचार, तिथे जो भाव सांगतील तो खरा धर.

"कालवडीच होतील" हे मात्र खरं नाही. १०० तल्या ९० च्या आसपास. म्हणजे तुमच्या १२ विण्यांत सहाच्या जागी एक, एखाद्या वर्षी दोन गोऱ्हे. शिवाय गाभण राहण्याचं प्रमाण साध्या कांडीपेक्षा कमी, साध्याच्या ८०-९० टक्के धर. कारण सरळ आहे, साध्या कांडीत दोन कोटींच्या आसपास शुक्राणू असतात, सेक्स्डमध्ये बऱ्याचदा २०-४० लाखच, आणि तेही रंग-लेसर-वीज सगळ्यातून गेलेले. म्हणून जी गाय तीनदा उलटलीये (भरवूनही गाभण राहिली नाही) तिला ही कांडी वापरून पैसे घालवू नका. पहिल्यांदा भरवायच्या कालवडींना वापरा, अंगाने भरलेल्या, वजन २५० किलोच्या पुढे गेलेल्या, २१ दिवसांनी नियमित माजावर येणाऱ्या. कालवडीच्या पोटी कालवड आली की वासरू जरा लहान असतं आणि पहिलं वेत सोपं जातं, हा वेगळा फायदा. साध्याला आपण सकाळी माजावर आली तर संध्याकाळी भरवतो, सेक्स्डला थोडं अजून थांबतात, तुझे डॉक्टर सांगतील ती वेळ पाळा. भरवताना कांडी बघून घ्यायची, वळूचा नंबर तिच्यावर छापलेला असतो, तो वहीत उतरवायचा, आणि लाजायचं नाही विचारायला, पैसे आपण देतो.

आणि हेही आत्ताच विचार करून ठेवा, दरवर्षी दहा कालवडी झाल्या तर त्या बांधणार कुठे? गाभण कालवडीला गिऱ्हाईक असतं हे खरं, पण सगळ्या गोठ्यांनी हेच केलं तर किती दिवस असेल मला सांगता येत नाही. आणि ती कालवड एक दिवस भाकड गाय होणारच, तिचं काय हा प्रश्न मशीन सोडवत नाही.

सासऱ्यांचं निसर्गाचं म्हणणं. त्यांना मी दोष देत नाही, फक्त त्यांना आठवण करून दे की एचएफ हे हॉलंडकडचं जनावर नगरच्या उन्हात कसं आलं. उरळीकांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये बाएफ ही संस्था सुरू केली आणि पुढे शेतकऱ्याच्या दारात येऊन गोठवलेल्या कांडीने गाय भरवायचं काम उभं केलं, तेव्हा वळू न दाखवता गाय भरवायची म्हणजे काय ह्याच्यावरही गावागावांत लोक असेच बिचकले असतील. उणे १९६ डिग्रीच्या नायट्रोजनमध्ये ठेवलेली कांडी आपण आज निसर्ग म्हणून स्वीकारलीच आहे. ढवळाढवळ होऊन पन्नास-साठ वर्षं झाली, आता त्या ढवळाढवळीतून जन्मलेल्या वासराला आपण काय देणं लागतो एवढंच बोलायचं राहिलंय.

तुझी अडचण वेगळी आहे आणि ती मी चार दिवस डोक्यात घेऊन फिरले. ज्या राज्यात आपण मुलींचं काय केलं ते बघितलंय, त्या राज्यातल्या एका बाईला सेक्स सिलेक्शन हा शब्द ऐकून पोटात कालवलं तर ते बरोबरच आहे. गर्भलिंग निवडीवर बंदी आणणारा १९९४ चा कायदा माणसांपुरता आहे, जनावरांना लागू नाही, पण तू कायद्याचं विचारत नाहीयेस. मला असं वाटतं: मुलगी नको होती ती आपण तिला जगू देत नव्हतो म्हणून, तिच्यात काही कमी नव्हतं, घर बदललं असतं तर ती सुखाने जगली असती, म्हणून तिथे इलाज घर बदलणं हाच होता आणि आहे. गोठ्यात आपण कुणालाच आपसूक जन्माला घालत नाही, एकेक वासरू आपल्या दुधासाठी ठरवून जन्माला घालतो, आणि ज्याला पोसायची आपली तयारी नाही ते मुळात जन्मालाच न घालणं हे जन्माला घालून हायवेवर सोडण्यापेक्षा मला शंभर पटींनी बरं वाटतं. इथे कुणाचा गर्भ काढत नाहीत, गर्भ राहायच्या आधीचं काम आहे. पण तुझी भीती एका जागी अगदी खरी आहे. महागाची कांडी वापरली आणि तरी गोऱ्हा झाला, तर घरात आता जेवढा राग आहे त्याच्या दुप्पट येईल, "एवढे पैसे घालून पण हाच". मग त्यांच्या नजरेत तो वासरू राहणार नाही, मशीनचा बिघाड ठरेल. म्हणून मी तुझ्या जागी असते तर कांडीला हो म्हणायच्या आधी एक अट घातली असती की वर्षातले जे एक-दोन गोऱ्हे होतील ते दोन महिने दुधावर ह्याच गोठ्यात वाढतील, आणि त्यांचा खर्च कालवडींच्या हिशोबातच धरायचा, वेगळा नाही.

दोन महिन्यांनंतर कुठे? गोशाळा हे सगळ्यांच्या तोंडावर असलेलं उत्तर आहे, पण नीट बघ. बऱ्याच गोशाळा भरलेल्या आहेत, राज्य सरकारने ३० सप्टेंबर २०२४ ला दिवसाला ५० रुपयांचं जे ठरवलं ते देशी गायींसाठी आहे, तुझा एचएफचा गोऱ्हा त्यात बसत नाही, म्हणजे तो गेला की त्यांच्या डोक्यावर निव्वळ खर्च. आणि दूध न सुटलेलं वासरू गोशाळेत देणं म्हणजे तेही सोडून देणंच आहे, तिथे त्याला दूध कोण पाजणार? द्यायचंच तर दूध सुटल्यावर, स्वतः जाऊन, आधीची वासरं कशी आहेत ते डोळ्यांनी बघून, आणि रिकाम्या हाताने नाही, महिन्याला काही चारा पोचवायचं कबूल करून. मला दुसरा रस्ता जास्त बरा वाटतो. तुमच्या भागात डाळिंबवाले ट्रॉलीने शेणखत विकत घेतात. तुमच्याकडे १४ गायींचं शेण आधीच रग्गड आहे, तुम्हाला गोऱ्ह्याच्या शेणाचं मोल नाही, पण ज्याच्याकडे बाग आहे आणि जनावर एकही नाही अशा माणसाकडे गोऱ्हा वाढून बैल उभा राहणं ह्याला मोल आहे, त्याच्या बांधाला गवत असतंच. अशी दोन माणसं शोध. देताना कानात बारा अंकी बिल्ला असू दे, लाळ्या-खुरकत आणि लंपीची लस वयाप्रमाणे झालेली असू दे, जंताचं औषध दिलेलं असू दे आणि तुझा फोन नंबर दे. बिल्ला मारलेलं जनावर सोडून द्यायला माणूस दहा वेळा विचार करतो, हे तुमच्या घरालाही लागू आहे!

ठेवायचा असेल तर अजून एक. शिंगं जाळायची आणि खच्ची करायचं काम लहान वयात, भूल देऊन. आमच्या लहानपणी बैल बडवून खच्ची करताना बघितलेत मी, ते ओरडणं अजून कानात आहे. आज शिंगाच्या नसेपाशी, खच्ची करताना वृषणापाशी, भुलीचं लिग्नोकेनचं इंजेक्शन आणि नंतर दुखणं कमी करणारं मेलॉक्सिकॅम, एवढ्याने ते बरंच कमी दुखून होतं, औषधं स्वस्त आहेत आणि बहुतेक दवाखान्यांत असतात. डॉक्टर घाईत असले तर तू मागून घे, "मॅडम भूल द्या" असं कुणी म्हणालं की आम्हालाही बळ येतं.

धंदा बंद करायला लाव असं मी म्हणणार नाही. तुम्ही गायी विकल्या तरी त्या दुसऱ्या गोठ्यात जातील आणि तिथेही व्यातील, फक्त तिथे तू नसशील.

एक राहिलं. अख्ख्या पत्रात सासरे आहेत, नवरा आहे, डॉक्टर आहेत, सासूबाईंचा एक शब्द नाही. चीक कोण काढतं तुमच्याकडे? वासरं कोण सोडतं-बांधतं, रात्री गाय व्यायला झाली की कोण उठतं? बहुतेक गोठ्यांत ते बाईच करते आणि निर्णय होताना तिला कुणी विचारत नाही. त्या बाईने ह्या गोठ्यातून किती गोऱ्हे जाताना बघितले असतील आणि ती कशी गप्प बसली असेल, तू विचारलंयस का कधी? चोरून दूध पाजायला तू गोठ्यात जातेस तेव्हा त्यांना खरंच माहिती नसेल असं मला वाटत नाही. हिशोबाची वही घेऊन नवऱ्याकडे आणि सासऱ्यांकडे जायच्या आधी एकदा त्यांच्याजवळ बस.

आणि तू लिहिलंस त्या भरवायला आलेल्या दोन कालवडी, त्या शेवटच्या कधी माजावर आल्या होत्या ते आठव, कॅलेंडरवर २१ दिवस पुढे मोजून खूण कर. सगळं बोलून व्हायला हवं ते त्या तारखेच्या आत.